तासाभरात किती, की मिनिटाला एक? खिळे वाकवण्याच्या दमाच्या स्पर्धेचे दोन नियम

सहा इंची पोलादी खिळा नुसत्या हातांनी वाकवणे हा ताकदीचा खेळ आहे आणि तसेच खिळे एकामागून एक, हात साथ सोडेपर्यंत वाकवत राहणे हा दमाचा. पहिल्या खेळाचे मोजमाप बऱ्यापैकी ठरलेले आहे. अमेरिकेतील आयर्नमाइंड या कंपनीचा ‘रेड नेल’, म्हणजे ७ इंच लांब आणि ५/१६ इंच जाड पोलादी तुकडा, टोके एकमेकांपासून २ इंचांच्या आत येईपर्यंत वाकवला की वाकला असे मानतात आणि त्यावर फारसा वाद होत नाही. दमाच्या खेळाचे नियम मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागतात. आमच्या व्यायामशाळेत ही स्पर्धा आम्ही दोन पद्धतींनी घेतली. एकदा तासाभरात जास्तीत जास्त किती खिळे वाकतात ते मोजले, तर दुसऱ्यांदा दर मिनिटाला एक खिळा देत शेवटपर्यंत कोण टिकतो ते पाहिले. दोन्ही वेळा मी नियम ठरवणाऱ्यांतही होतो आणि वाकवणाऱ्यांतही. आपल्या तालमीत किंवा जिममध्ये अशी स्पर्धा घ्यावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींत समान आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पुढचे सारे नियम वाया जातात, आणि ती म्हणजे खिळ्यांची निवड. हार्डवेअरच्या दुकानात सेंट्रिंगवाल्यांसाठी ठेवलेला सहा इंची खिळा किलोवर मिळतो आणि दुकानदाराच्या लेखी चार गेज काय नि पाच गेज काय, दोन्ही सहा इंचीच असतात. वाकवणाऱ्याच्या लेखी मात्र त्यांत मोठे अंतर आहे. चार गेजचा खिळा सुमारे ५.९ मिलिमीटर जाड असतो, तर पाच गेजचा सुमारे ५.४. गोल सळईचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, डोळ्यांना न दिसणाऱ्या या अर्ध्या मिलिमीटरने खिळा तीस टक्क्यांच्या आसपास अवघड होतो. जाडी मोजायचे व्हर्नियर जवळ नसेल तर पन्नास खिळे मोजून वजनकाट्यावर टाकावेत. चार गेजचे असतील तर वजन १.६ किलोच्या आगेमागे भरते आणि पाच गेजचे असतील तर १.३५ किलोच्या. सगळे खिळे एकाच पोत्यातले घ्यावेत, ते एकाच खोक्यात मिसळून ठेवावेत आणि स्पर्धकाला त्यांतून निवड करू देऊ नये. जस्त चढवलेले खिळे घेऊ नयेत. ते चामड्यात घसरतात.

आता दोन पद्धतींकडे वळू. तासाच्या मोजणीचे आकर्षण उघड आहे. स्पर्धा केव्हा संपणार हे आधीच ठाऊक असते, सगळे स्पर्धक एकाच वेळी उभे करता येतात, आणि शेवटी हातात एक आकडा येतो, जो पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या अंगणात जो गलका झाला तसा मी कुस्तीच्या फडाबाहेर क्वचितच ऐकला आहे. मिनिटाला एक खिळा ही पद्धत त्यामानाने सावकाश चालते. पहिली पंधरा मिनिटे जवळजवळ सगळेच टिकून असतात, बघणाऱ्यांना काही घडते आहे असे वाटत नाही, आणि तयारीचे दोघे-तिघे जमले तर स्पर्धा केव्हा आटोपेल हे आयोजकालाही सांगता येत नाही. एवढ्यावरच निर्णय घ्यायचा असता, तर मीही तासाच्या बाजूनेच कौल दिला असता.

माझे मत बदलले ते चामड्यामुळे. उघड्या तळव्याने खिळा वाकवायला गेले तर त्याचे डोके एका तळव्यात आणि टोक दुसऱ्यात रुतते. म्हणून दोन्ही बाजूंना चामड्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून वर रबर लावावे लागते. हे गुंडाळणे म्हणजे निम्मे काम आहे. पट्टी सैल बसली तर जोर खिळ्यावर न पडता चामड्यातच मुरतो, आणि पट्टी खिळ्याच्या टोकापुढे बोटभर निघालेली असेल तर तेवढी तरफ फुकटात लांबते. एका खिळ्याला हे किमान दोनदा करावे लागते, कारण पहिला खिळा सोडवायचा असतो आणि दुसरा बांधायचा असतो. तासाच्या मोजणीत हा सगळा वेळ स्पर्धकाच्या खात्यावर पडतो.

आमच्या पहिल्या स्पर्धेत प्रत्येकाला आपला एक मदतनीस आणण्याची मुभा होती. मुभा द्यावी की नाही यावर आम्ही फारसा विचारच केला नव्हता. जो पहिला आला त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ होता. हा मुलगा चामड्याच्या दोन जोड्या आळीपाळीने वापरत होता, म्हणजे थोरला एक खिळा दाबत असताना याचा दुसरा बांधून तयार असे. रबर ताणून दोन वेढे देऊन सोडण्याची त्याची हातोटी बघण्यासारखी होती. दुसऱ्या क्रमांकाच्या गड्याला ऐनवेळी एक नवशिका पोरगा मदतीला मिळाला. विसाव्या खिळ्याच्या सुमारास घाम आणि खडू मिसळून चामडे ओले, मऊ पडले, रबर दोनदा तुटले, आणि तो गडी हात पुढे करून नुसता उभा राहिला. त्याच्या मनगटाला विश्रांतीही मिळत नव्हती आणि कामही मिळत नव्हते. पहिल्याचे ४७ झाले, याचे ४१. आकडा वहीत लिहिताना आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक होते की या दोघांत हातांनी सरस कोण आहे, पण नियमाप्रमाणे ४७ हे ४१ पेक्षा जास्तच होते. त्या गड्याने तक्रार केली नाही. मला मात्र ती सल बरेच दिवस होती.

पुढच्या वेळी मिनिटाची पद्धत धरली तेव्हा बांधण्याचे काम आम्ही आयोजकांकडे घेतले. प्रत्येक स्पर्धकामागे चामड्याच्या दोन जोड्या, सगळ्या एकाच कातड्यातून कापलेल्या, आणि बांधणारे लोक दर दहा मिनिटांनी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर. घंटा झाली की बांधलेला खिळा हातात दिला जातो आणि पुढच्या घंटेच्या आत तो वाकवून मापात बसवायचा असतो. लवकर झाला तर उरलेले सेकंद त्याच्या विश्रांतीचे. या वेळी तोच दुसऱ्या क्रमांकाचा गडी ३३ खिळ्यांपर्यंत गेला आणि मागच्या वेळचा विजेता २६ वर थांबला. दोन प्रसंगांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला मान्य आहे. कदाचित त्या दिवशी एकाची झोप चांगली झाली असेल, दुसऱ्याची नसेल. तरीही जे आम्ही डोळ्यांनी रोज सरावात पाहत होतो ते त्या दिवशी वहीतही उतरले, आणि पहिल्या पद्धतीत ते उतरले नव्हते.

मिनिटाच्या पद्धतीचा दुसरा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता, तो पंचाच्या कामाचा. वाकवलेला खिळा हातातला जोर निघताच किंचित उलगडतो आणि चामड्याच्या जाडीमुळे टोके खरोखर किती जवळ आली आहेत हे वाकवणाऱ्यालाही दिसत नाही. म्हणून माप चामडे काढल्यावरच घ्यावे लागते. आम्ही फळीच्या तुकड्यात २ इंच रुंदीची खाच पाडून घेतली होती. खिळ्याची दोन्ही टोके खाचेतून आत गेली तर वाकला, नाही तर नाही. तासाच्या मोजणीत चामडे निघेपर्यंत स्पर्धक पुढच्या खिळ्याला भिडलेला असतो. मागचा सव्वादोन इंचांवर अडला आहे हे त्याला सांगायचे कोणी आणि तो परत हातात घ्यायचा केव्हा? आमच्याकडे असे अर्धवट खिळे बाजूला पडत गेले आणि तास संपल्यावर त्यांच्यावरून पंधरा मिनिटे वाद झाला. मिनिटाच्या पद्धतीत पंच तिथल्या तिथे खिळा खाचेला लावतो आणि घंटेला वेळ उरला असेल तर परत हातात देतो. बाक पडलेली जागा तेव्हा चांगलीच गरम असते, तिला बोट लावू नये एवढे आधी बजावून ठेवावे.

शरीराला काय सोसावे लागते याबद्दल मी जपूनच बोलेन, कारण माझ्याकडे माझ्या दोन मनगटांपलीकडे पुरावा नाही. तासाच्या स्पर्धेनंतर माझा उजवा कोपर तीन आठवडे दुखत होता आणि पाण्याची बादली उचलतानाही जाणवत होता. घाईत पकड नीट बसण्याआधीच मी जोर लावत होतो, हे मला तेव्हाही कळत होते, पण घड्याळ थांबत नव्हते. मिनिटाच्या स्पर्धेत मी २२ वर थांबलो. दंड आणि पुढचे हात दगडासारखे झाले होते, पण सांधा दुखला नाही. ज्यांची पकड मुळातच पक्की आहे त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

मिनिटाच्या पद्धतीवर एक आक्षेप मात्र रास्त आहे, आणि तो म्हणजे लांबण. त्यावर आम्ही काढलेला तोडगा असा की तिसाव्या खिळ्यानंतर मुदत ४५ सेकंदांवर आणायची आणि चाळिसाव्यानंतर ३०वर. बांधणारे हात आयोजकांचेच असल्यामुळे मुदत कमी झाली तरी कोणावर अन्याय होत नाही. फक्त प्रत्येकामागे चामड्याची तिसरी जोडी तयार ठेवावी लागते. दोघे एकाच खिळ्यावर अडले तर दोघांनाही बरोबरीत धरावे. अर्धवट खिळ्याचा कोन मोजून सरस-निरस ठरवण्याचा मोह आम्हाला झाला होता, पण तसे करण्यात अर्थ नाही, कारण शेवटच्या खिळ्यावर एकाने सुरुवातीलाच जोर संपवलेला असतो आणि दुसऱ्याने शेवटी.

शरीराचा टेकू हा मुद्दाही आधीच मिटवून घ्यावा. आम्ही हात छातीसमोर आणि हनुवटीखाली चालवले, पण मांडीवर किंवा गुडघ्यावर खिळा टेकवला की तो बाद. टोके जवळ आणताना बोटे एकमेकांत गुंफून दाबायला परवानगी दिली, कारण तिथे बहुतेकांचे हात आपसूकच गुंफले जातात आणि ते अडवत बसणे पंचाच्या आवाक्यातले नाही.

ज्यांना तासाचीच स्पर्धा घ्यायची आहे, कारण प्रेक्षक जमणार आहेत किंवा वेळ मोजकाच आहे, त्यांना माझी एवढीच विनंती राहील की बाहेरचे मदतनीस बंद करावेत आणि बांधणारे आपले द्यावेत. त्याने निम्मा दोष जातो. अर्धवट खिळ्यांचा प्रश्न उरतोच; त्यासाठी प्रत्येक स्पर्धकामागे स्वतंत्र पंच आणि स्वतंत्र खाच लागते, म्हणजे सहा स्पर्धकांना सहा पंच आणि सहा बांधणारे. आमच्याकडे तेवढी माणसे नव्हती. मिनिटाच्या पद्धतीत दोन-दोन स्पर्धकांच्या फेऱ्या लावून चार माणसांत काम भागले. खिळे मात्र अंदाजापेक्षा जास्तच आणून ठेवावेत. चार गेजचे किलोला तीसच बसतात, आणि आम्हाला पाचव्या फेरीच्या मधोमध दुकान गाठावे लागले होते, जिथे त्या पोत्यातले उरले नव्हते.