टक्केवारीवर रिफंड काढून देणाऱ्यांपासून सांभाळा

रिटर्न भरायची फी रिफंडाच्या टक्क्यांत मागणारा माणूस भेटला की तिथूनच माघारी फिरा. "टीडीएस (पगारातून कापलेला कर) सगळा परत काढून देतो की, हाय काय अन् नाय काय," असं म्हणत कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या नोकरदारांत हे लोक एकमेकांच्या ओळखीनं शिरतात. टॅक्स कन्सल्टंटची पाटी लावायला कुठलाही परवाना लागत नाही. सीए आहे म्हणाला तर सभासद क्रमांक मागा, इन्स्टिट्यूटच्या साइटवर तो तपासता येतो.

आमचा हिशेब उघडच मांडतो, लाज वाटली तरी. आर्थिक वर्ष २०२२-२३, पगार ९,५०,०००. स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, पीएफ आणि एलआयसी धरून बचतीवरच्या ८०सी वजावटीचे १,५०,०००. करपात्र उत्पन्न ७,४७,५००, सेससह (उपकर धरून) कर ६४,४८०. कंपनीनं नेमका तेवढाच कापला होता. म्हणजे परत येण्यासारखं काही नव्हतंच! तरी खात्यावर पुरते ६४,४८० आले आणि आम्ही धरलेल्या माणसानं १५ टक्क्यांनी ९,६७२ रुपये घेतले. तेही स्वतःच्या खात्यावर, पावती न देता.

त्यानं केलं काय? ८०जीजीसी मध्ये राजकीय पक्षाला १,५०,००० देणगी, ८०डी मध्ये आरोग्य विम्याचे २५,०००, ८०डीडी मध्ये अपंग अवलंबितासाठी ७५,०००. घरात सगळी धडधाकट माणसं, आणि सरकारदरबारी एकाला अपंग करून ठेवलं! हे आकडे अंदाजानं टाकलेले नाहीत. त्या वर्षी उत्पन्न ५ लाखांच्या खाली आलं की ८७ए कलमाच्या सवलतीनं कर शून्य व्हायचा, म्हणून बरोबर ४,९७,५०० वर आणून ठेवलं.

हे दिसायची एकच जागा हातात होती, आणि तीच डोळ्यांसमोरून गेली. तो देतो ती रिटर्न भरल्याची एका पानाची पोच. तिच्यावर कुठलंही वजावटीचं कलम नसतं. एकूण उत्पन्न, कर, भरलेला कर आणि परतावा, एवढंच. पण त्यातल्या 'टोटल इन्कम'समोर ४,९७,५०० आणि शेजारी ठेवलेल्या, कंपनीनं दिलेल्या फॉर्म १६ वर ७,४७,५००. अडीच लाख गेले कुठं? हा एक प्रश्न तिथंच विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पगारदार माणूस परताव्याचा आकडा बघतो, कलमं पाठ करून बसत नाही. त्यासाठीच तर पैसे मोजून माणूस धरला होता ना?

पोच नको, पूर्ण फॉर्म मागा. आयकर खात्याच्या पोर्टलवर 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'मध्ये 'डाउनलोड फॉर्म' आहे, त्यात वजावटी ओळीनं दिसतात.

दुसरी हुशारी म्हणजे पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल त्यानं स्वतःचा टाकला. आयकर खात्याकडून आलेला इशारा त्याच्याकडं गेला, आणि तोवर त्याचा फोन बंद. आजच लॉगिन करून प्रोफाइल बघा. पासवर्ड त्याच्याकडं असेल तर आधार ओटीपीनं बदलता येतो.

पोलिसांत गेलं तर ऐकावं लागतं, "पैसे तुमच्याच खात्यात आले, ओटीपी तुम्हीच दिला, मग फसवणूक कसली?" आयकर खात्यात गेलं तर "रिटर्न तुमच्या नावचं, जबाबदारी तुमची." पोर्टलवर तक्रार टाकली तर छापील उत्तर येऊन ती निकाली निघते. खोटं रिटर्न भरायला लावणाऱ्यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात २७८ कलम आहे, कैदेची तरतूद आहे. पण ते कलम सांगितल्यावर समोरचा फाइल मिटतो. सीबीडीटीनं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं) १४ जुलै २०२५ ला देशभर १५० ठिकाणी अशाच दलालांवर कारवाई केली. म्हणजे हा धंदा खात्याला पुरता ठाऊक आहे! मग इथं तक्रार घेऊन आलेल्या माणसालाच चोरासारखं का बसवून ठेवता? ज्याच्या पॅनवर भरलं त्याला पकडणं सोपं आहे, म्हणून सगळा जोर त्याच्यावर.

आम्ही अपडेटेड रिटर्न, म्हणजे मुदतीनंतर चूक दुरुस्त करणारं रिटर्न, भरलं. ६४,४८० सरकारला परत भरले, त्यावर ५० टक्के जादा कर म्हणजे ३२,२४०, शिवाय व्याज, आणि ते व्याजही जादा करात धरलं जातं. त्याचे ९,६७२ बुडाले ते वेगळेच. खात्यानं आधी गाठून चुकीची माहिती दिल्याचा ठपका ठेवला असता तर २७०ए कलमाखाली दंडच कराच्या २०० टक्के, १,२८,९६० झाला असता.

आर्थिक वर्ष २०२२-२३ चं अपडेटेड रिटर्न ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलं तर जादा कर ५० टक्के, त्यानंतरच्या वर्षी ६०, मग ७०, आणि ३१ मार्च २०२८ नंतर दार बंद. फेरतपासणी सुरू व्हायच्या आधीच भरलेलं बरं. कुणी "नोटीस आली की बघू" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. आधी जुन्या रिटर्नचा पूर्ण फॉर्म उतरवून घ्या आणि फी आधी ठरवून, पावती देणाऱ्याकडं जा.