अकरा महिने चाचेगिरी करून: स्पेस गेममध्ये लुटारू होणं परवडतं का?

गेल्या अकरा महिन्यांत मी ऑनलाइन स्पेस गेममध्ये खाणकाम केलं नाही, मालवाहतूक केली नाही, कुणाच्या फौजेत भरतीही झाले नाही. फक्त लुटलं. सात महिने ईव्ह ऑनलाइनमध्ये, साडेतीन महिने एलिट डेंजरसमध्ये आणि उरलेले काही शनिवार-रविवार स्टार सिटिझनमध्ये. चाचेगिरीत पैसा आहे का, असं मला बरेच जण विचारतात. तासाचा हिशेब धरला तर नाही. तेवढेच तास शांतपणे दगड फोडत बसले असते तर माझ्या वॉलेटमध्ये आज जास्त रक्कम असती. तरी मी पुढच्या तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन भरलंय, आणि ते का भरलं हे नीट सांगायचं तर पहिल्या सावजापासून सुरुवात करावी लागेल.

ईव्ह २००३ साली सुरू झाला. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. प्रत्येक सिस्टिमला, म्हणजे एका ताऱ्याभोवतीच्या भागाला, सुरक्षेचा आकडा असतो: १.० ते ०.५ म्हणजे हायसेक, ०.४ ते ०.१ म्हणजे लोसेक, ० आणि त्याखाली नलसेक. हायसेकमध्ये विनाकारण कुणावर गोळी झाडली की कॉनकॉर्ड हे गेमचं सुरक्षा दल येतं आणि तुमचं जहाज संपवतं, त्यातून सुटका नाही. लोसेकमध्ये कॉनकॉर्ड नाही, पण गेट (एका सिस्टिममधून दुसरीत जायची दारं) आणि स्टेशनजवळ तोफा आहेत. लघुग्रहांच्या बेल्टवर मात्र तोफाही नाहीत. चाच्याचं घर म्हणजे हे बेल्ट.

माझ्याकडे रिफ्टर होतं, नवखे लुटारू ज्यात बसतात ते छोटं जहाज. डी-स्कॅन म्हणजे आसपासची जहाजं दाखवणारा स्कॅनर. त्याची कक्षा १४.३ एयू असते (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) आणि तो स्कॅन ३६० अंशांपासून ५ अंशांपर्यंत अरुंद करता येतो. सगळीकडे फिरवला तर यादीत एक व्हेंचर, म्हणजे छोटं खाणजहाज, दिसलं. म्हणजे कुणीतरी इथं खाणकाम करतंय. मग कॅमेरा एकेका बेल्टकडे वळवायचा, कोन ६०, मग १५, मग ५, आणि प्रत्येक वेळी नाव यादीत टिकतंय का बघायचं. तिसऱ्या बेल्टवर टिकलं. वार्प मारला (दूर अंतरावरची वेगवान झेप), थेट त्याच्या शेजारी उतरले, त्याला वार्प करता येऊ नये म्हणून स्क्रॅम्बलर लावला, तोफा सुरू केल्या. आणि व्हेंचर माझ्या डोळ्यांदेखत निघून गेलं. व्हेंचरला मुळातच वार्प कोअरची २ गुणांची जास्तीची ताकद असते. माझा स्क्रॅम्बलर २ गुणांचा. त्याला अडकवायला ३ लागतात. त्या रात्री मी रिफ्टरच्या तीन मधल्या स्लॉटपैकी दोन फक्त पकडण्यासाठी दिले: एक स्क्रॅम्बलर आणि एक डिसरप्टर, म्हणजे तेच काम करणारं १ गुणाचं यंत्र.

हे इतकं तपशिलात सांगते कारण चाचेगिरीचा नव्वद टक्के वेळ यातच जातो. शोधणं, ओळखणं, वाट बघणं. सिस्टिममध्ये शिरल्याबरोबर लोकल चॅटमध्ये तुमचं नाव उमटतं, आणि सावध असलेला खाणवाला ते बघून लगेच पळतो. माझ्या अनेक संध्याकाळी एकही गोळी न झाडता गेल्या. ज्याला दर दहा मिनिटांनी लढाई हवी असते त्याचं इथं मन रमणार नाही.

आता पैशाचं बघू. जहाज फुटलं की त्यातली प्रत्येक वस्तू वाचण्याची शक्यता निम्मी असते. बाकीचं जळून जातं. जहाजाचा सांगाडा तर जातोच. म्हणजे सावजाचं नुकसान मोठं आणि लुटारूच्या पदरात त्याचा लहानसा तुकडा. हा आतबट्ट्याचा व्यवहार माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. जे जळून जाणार आहे तेच दोघांनी वाटून घेतलं तर? खंडणीचा अर्थ मला तिथं कळला. मला लुटीतून मिळालं असतं त्यापेक्षा थोडं जास्त मागायचं, त्याचं जितकं बुडालं असतं त्यापेक्षा बरंच कमी. दोघंही फायद्यात.

पण यातही खाचाखोचा आहेत. साध्या जहाजाचा विमा असतो, म्हणून स्वस्त जहाजाचा मालक खंडणी द्यायला तयार होत नाही, आणि का व्हावा? त्याचं खरं धन कॅप्सूलमध्ये असतं, म्हणजे जहाज फुटल्यावर वैमानिक ज्यातून बाहेर पडतो त्या कुपीत. डोक्यात बसवलेले इम्प्लांट कॅप्सूल फुटली की कायमचे गेले. त्यामुळे बोलणी जहाज शाबूत असतानाच करायची असतात, कॅप्सूल बाहेर पडल्यावर ती क्षणात निसटते. आणि कॅप्सूल फोडली तर तुम्ही सरळ गुन्हेगार ठरता, सुरक्षेचा दर्जा धाडकन खाली येतो.

या दर्जाची किंमत मला उशिरा कळली. उणे २ च्या खाली गेलात की १.० च्या सिस्टिममध्ये पोलीस मागे लागतात. पुढे दर अर्ध्या गुणाला आणखी एक पायरी बंद होते. उणे ४.५ च्या खाली गेलात की सगळं हायसेक गेलं, आणि उणे ५ झालात की कुणीही, कुठंही, तुमच्यावर बिनदिक्कत गोळी झाडू शकतो. जीटा ही सगळ्यात मोठी बाजारपेठ ०.९ मध्ये आहे. म्हणजे लूट विकायलाही दुसरा माणूस हवा आणि दारूगोळा आणायलाही. मी शेवटी दर्जा सुधारण्यासाठी जमा करता येणारे क्लोन सोल्जर टॅग विकत घेऊन जमा केले आणि दर्जा थोडा वर आणला. त्या टॅगांचा खर्च कमाईतून वजा केला तेव्हा दोन महिन्यांची कमाई साफ झाली.

हायसेकमधलं गँकिंगही तीन आठवडे करून पाहिलं. कॅटलिस्ट ही स्वस्त लढाऊ जहाजं घेऊन सात-आठ जणांनी एखाद्या मालवाहू जहाजावर तुटून पडायचं, कॉनकॉर्ड पोचेपर्यंत ते फोडायचं, आपली सगळी जहाजं गमवायची आणि उरलेला माल एका साथीदारानं उचलायचा. आधी कार्गो स्कॅनरनं आत काय आहे ते बघून ठेवलं असेल तर त्यात पैसा निश्चित आहे, लोसेकपेक्षा जास्तच. पण मला ते सोडावंसं वाटलं. सगळं काही सेकंदांत संपतं. समोरच्याला एक शब्द बोलायची संधी मिळत नाही, मलाही नाही. तो मेल्यावर त्याला कळतं की कुणीतरी होतं.

आणि इथंच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. गेम चाच्याला चांगला की वाईट हे लुटीच्या रकमेवरून ठरत नाही. सावज पकडलं गेलं आणि सावज मेलं, या दोन क्षणांच्या मध्ये तो गेम किती वेळ देतो, यावर ठरतं. तो वेळ असेल तर दोन माणसं बोलतात, घासाघीस करतात, एकमेकांना जोखतात. तो नसेल तर उरते ती नुसती शिकार.

चौथ्या महिन्यात घडलेली गोष्ट अजून मनातून जात नाही. आम्ही तिघं होतो. बेल्टवर एक प्रॉक्युरर पकडलं. हे खाणजहाज टणक असतं, लगेच फुटत नाही, त्यामुळे बोलायला मिनिटभर तरी मिळालं. मी चॅट उघडून लिहिलं, "तोफा थांबवतोय. दोन कोटी इस्क द्या आणि निघा." (इस्क हे ईव्हमधलं चलन.) तो पहिल्यांदा काही बोलला नाही. मग लिहिलं, "दिल्यावर सोडाल कशावरून?" मी लिहिलं, "माझा शब्द." माझ्या वॉलेटचा आकडा हलला. मी सोडा म्हणून सांगितलं, स्वतःचा स्क्रॅम्बलर काढला, आणि आमच्यातल्या एकानं तोफा पुन्हा सुरू केल्या. जहाज फुटलं. व्हॉइसवर तो हसत म्हणाला, "अगं, पैसेही आले आणि किलही मिळाली!"

मला इतकी लाज वाटली की मी काही बोलूच शकले नाही. त्याच रात्री मी तो गट सोडला. त्या खाणवाल्याला त्याचे दोन कोटी परत पाठवले, वर जहाजाचे पैसे पाठवले, आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं. दोन दिवसांनी त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं: "मिळाले." शब्दाला न जागणारा लुटारू स्वतःचा धंदा तर बुडवतोच, त्या भागातल्या प्रत्येक प्रामाणिक चाच्याचाही बुडवतो. एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी खंडणी देत नाही, सरळ जहाज फुटू देतो. त्यानंतर मी एकटी किंवा फार तर एका भरवशाच्या माणसाबरोबर फिरते, आणि माझ्या प्रोफाइलवर स्पष्ट लिहिलंय की पैसे दिलेत तर जाऊ देते.

नोव्हेंबर २०२३ च्या हॅवॉक विस्तारानंतर ईव्हमध्ये गुरिस्टा आणि एंजल कार्टेल या लुटारू गटांत खेळाडूंना अधिकृतपणे दाखल होता येतं. मी काही दिवस करून पाहिलं. लढाया भरपूर मिळतात, मजाही आहे. पण ती लुटारूंच्या झेंड्याखाली लढली जाणारी लढाई आहे. लुटायचं असेल तर तिथं जायची गरज नाही.

एलिट डेंजरस २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला आणि त्यात आपल्या आकाशगंगेएवढी आकाशगंगा आहे, सुमारे ४०० अब्ज सिस्टिम. एवढ्या पसाऱ्यात सावज सापडतं कसं, हा पहिला प्रश्न. खेळाडू व्यापार करतात ती ठिकाणं मोजकी असतात, तिथं थांबायचं. सुपरक्रूझ या वेगवान प्रवासातून सावजाला इंटरडिक्ट करून, म्हणजे अडवून, बाहेर खेचायचं, मॅनिफेस्ट स्कॅनरनं माल बघायचा, आणि मागणी करायची. इथं एक गोष्ट मला मनापासून आवडली: जहाज न फोडता माल मिळवता येतो. हॅच ब्रेकर लिम्पेट (छोटा ड्रोन) सोडला की कार्गोचं दार फुटून काही टन माल बाहेर पडतो. आणि कायदाही त्याच बाजूनं आहे. निरपराध जहाज फोडलं तर नोटोरायटी, म्हणजे बदनामीचा आकडा, वाढते, ती दोन तासांना एक गुण या गतीनं उतरते, आणि ती असेपर्यंत डोक्यावरचं बक्षीस भरून मोकळं होता येत नाही. नुसतं लुटलं तर नोटोरायटी वाढत नाही. म्हणजे जो मारत नाही त्याला गेम सवलत देतो. असा विचार करणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

हिशेबही सरळ आहे. जहाज फुटलं तर मालकाला त्याच्या किमतीच्या ५ टक्के भरून ते परत मिळतं, पण माल सगळा जातो. म्हणून शंभर टनांतले वीस मागितले की शहाणा व्यापारी देतो. टाइप-९ या मोठ्या मालवाहू जहाजातल्या एकाला मी वीस टन मागितले आणि विनंती केली की जेटिसन करू नका, अबॅन्डन करा. जेटिसन केलेला माल उचलला की तो चोरीचा ठरतो, काळ्या बाजारातच विकावा लागतो. अबॅन्डन केला तर तो कुणाचाच नसतो. त्यानं विचारलं, "फरक काय?" मी समजावलं. त्यानं डबे सोडले, मी कलेक्टर लिम्पेटनं गोळा करत राहिले, तोवर तो गेला नाही. बघत थांबला होता. शेवटी लिहिलं, "पहिल्यांदाच कुणी मारायच्या आधी बोललं."

पण एलिटमध्ये एक मोठी अडचण आहे. ओपन (सगळ्यांबरोबर), सोलो (एकट्यानं) आणि प्रायव्हेट ग्रुप (निवडक लोकांबरोबर), खेळायच्या या तिन्ही प्रकारांत तीच आकाशगंगा आणि तोच नफा. ज्याला लुटारू नकोत तो सोलोमध्ये जातो. तो त्याचा हक्क आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्यामुळे भरलेली जहाजं ओपनमध्ये विरळ. जी येतात त्यांतली काही मागणी वाचताच मेनूतून बाहेर पडतात, धोक्यात असताना त्याला १५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात हॅच उघडतच नाही. माणसांऐवजी संगणकाची जहाजं लुटून माल मिळतो, पण मग बोलायचं कुणाशी?

स्टार सिटिझनबद्दल थोडक्यात, कारण माझा अनुभवही थोडाच आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेला हा गेम अजून अल्फा अवस्थेत आहे. गुन्ह्यांसाठी क्राइमस्टॅट १ ते ५. पकडले गेलात तर क्लेशर तुरुंगात रवानगी होते, तिथं खाणकाम करून शिक्षा कमी करता येते. माल म्हणजे खरोखरचे खोके, ट्रॅक्टर बीमनं एकेक उचलून हलवायचे. लुटायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात समोरचा माणूस त्याच खोलीत असतो. माझ्या कसोटीला हा गेम तिघांत सगळ्यात जवळचा ठरावा. पण अधूनमधून खेळून त्याचा निकाल द्यायला मी तयार नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: एलिटपासून करा, कारण तिथं न मारता लुटायचं शिकता येतं. ईव्हमध्ये आलात तर आधी वीस रिफ्टर घेऊन ठेवा आणि ती सगळी जाणार हे धरून चाला. पैशासाठी दुसरा धंदा ठेवा. आणि सावजाशी अदबीनं बोला. ते जहाज कमवायला त्यानं दिवस घातलेले असतात.

तो प्रॉक्युररवाला? तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्या सिस्टिममध्ये गेले तेव्हा तो नव्या जहाजात त्याच बेल्टवर होता. मला बघून पळाला नाही. त्यानंच चॅट उघडलं: "त्या दिवशी मला शोधलंत कसं?" मी डी-स्कॅन समजावला. कोन कसा अरुंद करायचा, आणि त्यानं स्वतः तोच स्कॅन दर काही सेकंदांनी का फिरवत राहायला हवं. तासभर बोललो. त्या दिवशी मी काही मागितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी तिथून परत जात होते. स्कॅनमध्ये त्याचं जहाज दिसलं, कोन ५ वर आणला, वार्प मारला. बेल्टवर पोचले तेव्हा तो निघून गेला होता, आणि दगडांमध्ये त्याचा ओअरचा, म्हणजे कच्च्या खनिजाचा, डबा तरंगत होता.