गावातल्या तरुण मंडळासाठी पैसा: ग्रामपंचायत, युवा केंद्र, कंपनी की लोकवर्गणी?

मंडळ उभं राहिलं, पोरं-पोरी जमल्या, आता पैसे कुठून आणायचे, या प्रश्नाशी अडलेल्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहितो आहे. रक्कम किती मिळेल हे सगळेच आधी विचारतात. मला वाटतं त्याआधी हे विचारावं: हा पैसा फक्त वस्तूंवर खर्च करता येतो, की माणसांवरही? नेट, मॅट, कपाट, खुर्च्या एकदा घेतल्या की काही वर्षं पाहावं लागत नाही. प्रशिक्षकाचं मानधन, स्पर्धेला जायचं गाडीभाडं, शिबिरातलं जेवण, अभ्यासिकेचं वीजबिल मात्र पुन्हा पुन्हा उभं राहतं. मंडळाची दमछाक होते ती इथे.

सगळ्यात जवळचं दार ग्रामपंचायतीचं. तिला केंद्राचा निधी वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार मिळतो. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२५-२६ पर्यंत, ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, ४० टक्के अबंधित. अबंधित रक्कम घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांमध्ये गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. पगार आणि आस्थापना खर्च तेवढा वर्ज्य. त्या २९ विषयांत ग्रंथालयं आहेत, सांस्कृतिक उपक्रम आहेत. म्हणजे अभ्यासिकेची टेबलं चौकटीत बसतात, ती रोज उघडणाऱ्या माणसाचं मानधन बसवणं कठीण. २०२६-२७ पासून १६व्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा आताच्या अटी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून नव्याने समजून घ्या.

इथे खरी मेख वेळेची आहे. पुढच्या वर्षाच्या गावविकास आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. मार्चमध्ये सरपंचांना भेटणारं मंडळ एक वर्ष मागे पडलेलं असतं. तोंडी होकारावर थांबू नका. विषय ठरावात आणि इतिवृत्तात आला पाहिजे. खर्च ग्रामपंचायत स्वतः करते, मंडळाच्या खात्यात रक्कम येईल असं धरून चालू नका. मात्र खोली, मैदान, वीजजोडणी या गोष्टी ग्रामपंचायतीइतक्या भक्कमपणे दुसरं कुणी देऊ शकत नाही.

तरुणांसाठीच्या केंद्र सरकारच्या नेहरू युवा केंद्रांचं जाळं १९७२ पासूनचं, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारचंच ‘मेरा युवा भारत’ हे व्यासपीठ सुरू झालं. वयोगट १५ ते २९. इथून मोठ्या रोख रकमेची अपेक्षा ठेवू नये. क्रीडासाहित्य, प्रशिक्षण, तालुका-जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा आणि इतर मंडळांच्या ओळखी यांसाठी जावं. नव्या मंडळाला त्याचाही मोठा आधार असतो.

आमदार-खासदार निधीचं थोडक्यात सांगतो. तो सार्वजनिक मालकीच्या टिकाऊ कामांसाठी असतो आणि काम सरकारी यंत्रणेमार्फत होतं. व्यायामशाळेची इमारत मिळेल, तिची किल्ली कोण सांभाळणार हे मंडळालाच ठरवावं लागतं. उपक्रम वर्षभर नीट चालला नसेल तर इमारत मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा पैसा, सगळ्यांना खुणावतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी निकष लागू झाला तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट नोंदवलेलं आहे, त्यामुळे प्रशिक्षकाचं मानधन आणि प्रवासखर्च मागायला इथे जागा आहे. पण दोन अडथळे आहेत. पहिला कागदांचा: काम राबवणाऱ्या बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेकडे प्राप्तिकर विभागाची १२ए आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या अर्जाने मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. दुसरा अडथळा अनेकांना ठाऊकच नसतो. मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जाणार नाहीत, असं केंद्र सरकारने २०१४ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. एका दिवसाच्या कबड्डी स्पर्धेसाठी अर्ज लिहिण्यात महिना घालवू नका. वर्षभराच्या सरावाचा प्रस्ताव करा. नव्या मंडळाने तालुक्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली जावं, आणि कुठल्या बाबीवर किती खर्च मंडळ ठरवणार हे आधी लेखी करून घ्यावं.

राहिली लोकवर्गणी. हिला कमी लेखू नका. रक्कम लहान, पण गाडीभाडं, नाश्ता, बल्ब, सगळ्याला चालते, आणि देणारा रोज समोर असल्याने हिशेब आपोआप चोख राहतो. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क ची अट धर्मादाय कार्यालयात समजून घ्यावी. धोका एकच मोठा: निवडणुकीच्या वर्षी एकाच दात्याकडून मोठी रक्कम घेतली की मंडळ त्याचं होऊन बसतं. दहा घरांकडून थोडं थोडं घेणं केव्हाही बरं.

मला विचाराल तर पहिलं वर्ष लोकवर्गणी आणि ग्रामपंचायतीची खोली, जोडीला युवा केंद्राचं साहित्य. पावतीपुस्तक, व्हाउचर, उपस्थितीची वही आणि फोटो पहिल्या दिवसापासून ठेवा. दुसऱ्या वर्षी संस्था नोंदणी, मग छत्रसंस्थेमार्फत कंपनीचं दार. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात. त्या सातांत निदान तीन मुली असू द्या. सराव किती वाजता संपवायचा आणि परतीच्या गाडीचे पैसे कशातून काढायचे, हे त्या ठरवणाऱ्यांत असतील तरच खर्चाच्या यादीत वर येतं.