शुमान, ऑपस ७३: छपाई देखणी, पान उलटायचं तेवढं तुमचं तुम्ही बघा

क्लॅरिनेट आणि पियानोसाठी जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानने लिहिलेल्या तीन 'फँटसीश्ट्यूके'ची (म्हणजे 'कल्पनेतले तुकडे'; ऑपस ७३ हा त्यांचा रचना-क्रमांक) नवी नोटेशन-प्रत घेऊन चार महिने झाले. रोज स्टँडवर असते, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

घेण्याआधी आत कोणता पार्ट (क्लॅरिनेटवाल्याची वेगळी प्रत) आहे ते बघा. क्लॅरिनेट वेगवेगळ्या पट्ट्यांत येतात, आणि कागदावरची तीच नोट प्रत्येकावर वेगळ्या सुरात वाजते. मूळ रचना 'ए' क्लॅरिनेटची, माझ्याकडे बी-फ्लॅट एकच. जुन्या प्रतीत फक्त ए-पार्ट होता. दोन वर्षं मी मनातल्या मनात पट्टी बदलत वाजवायचो आणि ताई पियानोवरून मान वळवून "हे काय वाजवलंस?" विचारायची. या प्रतीत दोन्ही पार्ट आहेत. ए मेजर पट्टीतला भाग ए-वाल्यांना एकाही शार्पशिवाय (चढ्या सुराशिवाय) वाजवता येतो, आम्हाला मात्र पाच. करंगळ्यांचे हाल विचारू नका. पण दुसऱ्या तुकड्याच्या मध्यात संगीत एफ मेजरमध्ये जातं आणि गंमत उलटते: आम्हाला एक शार्प, त्यांना चार फ्लॅट (उतरलेले सूर). तेवढाच सूड.

कागद पिवळसर, दिव्याखाली चमकत नाही. नोट्स ठसठशीत. पियानोच्या प्रतीत क्लॅरिनेटची ओळ बारीक टाइपात दिली आहे, पण ताईला चष्मा न बदलता वाचता येते. हे महत्त्वाचं, कारण इथे पियानो नुसती साथ करत नाही. पहिल्या तुकड्यात त्याच्या ट्रिपलेट्स (तीन-तीन सुरांचे गट) अखंड वाहत असतात आणि क्लॅरिनेटला त्यांच्यावर तरंगायचं असतं. मी काय करतोय ते तिला दिसलं नाही, तर दोघंही बुडतो.

आता तक्रार. तिन्ही तुकड्यांमध्ये थांबायचं नाही, एक संपला की 'अटाका', लगेच पुढचा. आणि या प्रकाशकाने दुसरा तुकडा नेमका पानामागे ढकलला आहे! शेवटचा सूर विझायच्या आत पान उलटायचं, तेही दोन्ही हात वाद्यावर असताना. पहिल्यांदा दोघांनी सलग वाजवलं तेव्हा पान अर्ध्यावर अडकलं, ताई एकटीच पुढे गेली. आता मी ते पान झेरॉक्स करून बाजूला चिकटवलंय. पैसे मोजून घेतलेल्या प्रतीला सेलोटेप लावायची वेळ यावी, हे पटत नाही.

श्वासाच्या खुणा संपादकाने कंसात टाकल्या आहेत, म्हणजे शुमानच्या कोणत्या आणि यांच्या कोणत्या ते कळतं. त्यातल्या निम्म्या मी खोडल्या. लांब स्लरच्या (न तोडता जोडून वाजवायच्या सुरांच्या) मधोमध दम घ्यायला सांगणारा माणूस स्वतः फुंकत नसावा.

प्रस्तावना मात्र नेटकी. शुमानने हे १८४९च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनमध्ये दोनेक दिवसांत लिहून काढलं, व्हायोलिन किंवा चेलोवरही चालेल अशी मुभाही दिली. चेलोवाल्यांनी ती इतकी मनावर घेतली की अनेकांना ही चेलोचीच रचना वाटते.

तिसऱ्याच्या शेवटी 'आणखी जलद' अशी सूचना येते, आणि जरा पुढे पुन्हा तीच. तिथे पान उलटावं लागत नाही. एवढं श्रेय प्रकाशकाला. बाकी रीड (क्लॅरिनेटच्या तोंडाशी थरथरणारी बोरूची पात) आणि मी.