अप्पा बळवंत चौकातले बाइंडिंगवाले काका, आणि आमच्या मनूच्या वह्या

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांच्या मागे एका जुन्या वाड्यात जिन्याखाली हे दुकान आहे. पाटी नाहीये, पण आजूबाजूला कुणालाही बाइंडिंगवाले काका विचारलंत तर दाखवतील. थिसिस, ऑफिसची व्हाउचरं, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं हे त्यांचं रोजचं काम. मी माझ्या मुलीच्या वह्या घेऊन गेलो होतो. मनू गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेंग्यूने गेली. नऊ वर्षांची होती, चौथीत.

अकरा वह्या, दोन ड्रॉइंग बुकं आणि एक प्लास्टिकची फाइल, ज्यात तिच्या आईच्या सोनोग्राफीच्या प्रिंटपासून शाळेतल्या सर्टिफिकेटांपर्यंत सगळं कोंबलेलं, आणि शेवटच्या सहा दिवसांचे लॅब रिपोर्टसुद्धा, ते मी का ठेवलेत मला सांगता येत नाही. वर्षभर सगळं कपाटाच्या वरच्या कप्प्यात होतं. या पावसाळ्यात काढलं तर वह्यांच्या पिना गंजून पानांवर तांबूस डाग पडलेले, आणि तिने जिथे जिथे सेलोटेप लावली होती (न फाटलेलं पानसुद्धा चिकटवायची, इतकी आवड) तिथे पिवळं पडून कागद कडक झालेला. त्या दिवशी मी जेवढा रडलो तेवढा ती गेली त्या दिवशीही रडलो नव्हतो, तेव्हा नुसती धावपळच चालली होती.

आधी दोन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला स्पायरल करून देतो उद्या, दुसरा म्हणाला सगळं लॅमिनेट करा, कायमचं टिकेल. काकांनी मात्र फाइल उघडून एकेक कागद बाहेर काढून बघितला. सोनोग्राफीची प्रिंट हातात घेऊन म्हणाले, हे चुकूनही लॅमिनेट करू नका, थर्मल कागद आहे, गरम रोलरमधून गेला की काळाठिक्कर पडेल, आणि नुसता ठेवलात तरी हळूहळू उडत जाईल, आजच स्कॅन करून घ्या. मेणाच्या खडूंची चित्रं पण लॅमिनेशनच्या उष्णतेने पसरतात म्हणे. मी तर दुसऱ्या दुकानात पैसे भरायच्याच बेतात होतो, त्यामुळे कुणाकडे असे कागद असतील तर हे लक्षात ठेवा.

मग त्यांनी विचारलं कितवीत आहे मुलगी. मला बोलता आलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही, वही चाळायला लागले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "समासात पण चित्रं काढते ही, अगदी कडेपर्यंत. म्हणजे कटिंग मारता येणार नाही." काढते म्हणाले. वर्षभरात आमच्याकडे तिचं नाव घ्यायचंच लोक टाळतात, बोलता बोलता विषय बदलतात, आणि हा माणूस तिच्या मांजरीच्या शेपट्या कापल्या जाऊ नयेत म्हणून मशीन बाजूला ठेवायला तयार होता. बाइंडिंगमध्ये नेहमी तीन बाजू कापून सरळ करतात, त्यांनी न कापता पुठ्ठाच मोठा घेतला, पानं खालीवर दिसतात, दिसू देत.

लोकांनी आम्हाला काय काय सांगितलं हे लिहायला बसलो तर संपायचं नाही. तिच्या वस्तू देऊन टाका म्हणजे मन मोकळं होईल, दुसरं मूल होऊ द्या. एक नातेवाईक तर लोकमान्यांचं सांगून गेले, थोरला मुलगा 1903 च्या प्लेगमध्ये गेला तरी केसरीचं काम अडू दिलं नाही. मला लोकमान्यांबद्दल मनापासून आदर आहे, पण त्या दिवशी मी विचार करत बसलो की घरात सत्यभामाबाईंशी कोण बोललं असेल. आम्ही ज्या कौन्सेलर ताईंकडे जातो त्यांनी सांगितलं की पूर्वी मानसशास्त्रात पण असंच धरायचे, की गेलेल्या माणसातून मन काढून घेतलं की दुःख संपलं. 1996 मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, क्लास हे मुलं गेलेल्या आईबापांमध्येच वर्षानुवर्षं काम करत होते, ते नेमकं उलटं मांडलं, की आईबाप मुलाला सोडत नाहीत, ते नातं सोबत ठेवूनच जगतात आणि यात आजार असं काही नाही. हे ऐकून बायको पहिल्यांदा म्हणाली, मग वह्या बांधून घेऊया. (ताईंकडे जायच्या आधी एकदा रात्री अडीचला मी 14416 ला फोन केला होता, टेलिमानस, मानसिक आधाराची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. कुणाला लागला तर करा, लाज वाटून घेऊ नका.)

आता कोऱ्या पानांचं. काकांनी विचारलं मागची कोरी पानं काढू का, नेहमी काढतो, उगाच जाडी वाढते. मी काढा म्हणालो. मला ती पानं बघवत नव्हती. गणिताच्या वहीत शेवटचं लिहिलेलं पान ताप उतरला त्या दिवशीचं आहे, ती उठून बसली, वही मागितली, आणि आम्ही सुटलो बाबा म्हणालो. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो, पुढचे 24 ते 48 तास, पोटात दुखणं, सारख्या उलट्या, सुस्ती, हिरड्यांतून रक्त, हे सगळं आता मला पाठ आहे. तेव्हा नव्हतं. काका म्हणाले घरी एकदा विचारून घ्या. बायकोला फोन लावला, ती म्हणाली एक पान काढायचं नाही.

तक्रारी आहेत त्या पण लिहितो. दहा दिवस सांगून सव्वीस दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि तेवढे दिवस माझा जीव टांगणीला होता की काही हरवलं तर. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही, मेट्रोने कसबा पेठला उतरून चालत या. तीन खंडांचे साडेचारशे प्रमाणे पैसे घेतले, कण्यावरच्या सोनेरी अक्षरांचे वेगळे. एक रुपया कमी केला नाही आणि खरं सांगतो मला ते बरं वाटलं. गंजलेल्या पिना सगळ्या काढल्यात, सोनोग्राफीच्या स्कॅनला आत पाकीट करून दिलंय, सेलोटेप तशीच ठेवलीये कारण ओढली तर कागद निघाला असता.

शिवण दोऱ्याची आहे, त्यामुळे पान पूर्ण सपाट उघडतं, लिहितासुद्धा येतं. त्या शेवटच्या पानावर मनूची सात गणितं झालेली आहेत, आठवं नुसतं उतरवून ठेवलंय, चोवीस गुणिले नऊ. मागच्या रविवारी बायकोने ते पेन्सिलने सोडवलं. 216. मग वही माझ्याकडे दिली, तपास म्हणाली, आणि मी तपासलं.