युरोपीय संघाची तिजोरी: वर्गणी की स्वतःचं उत्पन्न?

युरोपीय संसदेसाठी मत कुणाला द्यायचं, हे ठरवताना बजेटपाशी अडला असाल तर माझा अनुभव सांगतो. नेदरलँड्समध्ये राहून जून २०२४ मध्ये मीही यावर बराच घोळलो होतो.

आजचा मुख्य आधार म्हणजे सदस्य देशांची वर्गणी. १९८८ पासून ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात घेतात आणि तिजोरीतला सर्वात मोठा वाटा तिचाच. दुसरी वाट म्हणजे आयात शुल्कासारखं संघाच्या स्वतःच्या हक्काचं उत्पन्न वाढवणं.

वर्गणीचे गुण खरे आहेत. ज्याची ऐपत जास्त, त्याने जास्त द्यायचं. संघाला तुटीचं बजेट चालत नाही, म्हणून कमी पडेल तेवढं याच वर्गणीतून भरून निघतं.

मला खुपतो तो तिच्यामुळे सतत चालणारा हिशेब: ‘आपण दिले किती, परत आले किती?’ इथे ही रक्कम परराष्ट्र खात्याच्या बजेटमध्ये दिसते, त्यामुळे ती परक्यांना दिल्यासारखी वाटते. एका दुपारी ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर ‘आपल्या पैशांवर पोलंडचे रस्ते’ असा विषय निघाला. शेजारीच पोलंडचा सहकारी बसला होता. तो काही न बोलता डबा बंद करून उठला. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हाच हिशेब मोठ्या बैठकांतही चालतो. १७ जुलै २०२० ला बजेट ठरवायला ब्रुसेल्समध्ये जमलेले सदस्य देशांचे नेते २१ तारखेच्या पहाटे उठले, आणि वर्गणीत सूट कुणाला? जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, ऑस्ट्रिया, डेन्मार्क या सुखवस्तू देशांना. एकट्या नेदरलँड्सची वर्षाला सुमारे १९२ कोटी युरो.

आयात शुल्काचं तसं होत नाही. जर्मनीला जाणारा कंटेनर इथल्या रॉटरडॅम बंदरात उतरतो, शुल्क तिथेच भरलं जातं. ते डच कसं म्हणायचं? वसुलीचा खर्च म्हणून २५ टक्के देशाकडे राहतात, बाकी थेट संघाला.

अर्थात नवं ते सगळंच चांगलं असं मी म्हणणार नाही. २०२१ पासून पुनर्वापर न झालेल्या प्लास्टिक वेष्टनावर सदस्य देशांना किलोमागे ८० सेंट द्यावे लागतात, पण ते सरकारी खजिन्यातूनच जातात. म्हणजे पुन्हा वर्गणीच, आणि गरीब देशांना त्यात वेगळी सवलत द्यावी लागली. सीमेवरच्या कार्बन शुल्कातला (बाहेरून येणारा पोलादासारखा माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचं शुल्क) वाटा संघाला देण्याचा युरोपीय आयोगाचा, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचा, प्रस्ताव मला जास्त पटतो. भारतातल्या पोलाद निर्यातदारांना हे शुल्क जाचक वाटतं, तेही समजतं.

अडचण मोठी आहे: असं नवं उत्पन्न आणायला २७ देशांचं एकमत हवं, वर प्रत्येक देशाची मंजुरी. २०२८ ते २०३४ साठी आयोगाने जवळपास २ लाख कोटी युरोंचा आराखडा मांडला आहे, त्यामुळे ही ओढाताण वाढेल असंच दिसतं.

तुमचं मत वेगळं असू शकतं. मी मात्र स्वतःच्या उत्पन्नाच्या बाजूच्या उमेदवाराला मत दिलं. आमच्या त्या टेबलावर आयात शुल्कावरून कुणी कुणाला बोल लावल्याचं मला आठवत नाही.