मॉन्तॉव्हेरची लाल गाडी आणि आईचे गुडघे

फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनी गावाहून सुटणारी दातेरी रुळांची लाल गाडी 20 मिनिटांत 1,913 मीटरवर, मॉन्तॉव्हेरला आणून सोडते. समोर मेर द ग्लास, म्हणजे 'बर्फाचा समुद्र': फ्रान्समधली सगळ्यांत मोठी हिमनदी. आईला घेऊन मी दोनदा गेलो, 2019 ला आणि 2024 ला.

पांढराशुभ्र समुद्र बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. खाली खोल दरीत दगडगोट्यांनी झाकलेला राखाडी पट्टा दिसतो. आई नाशिकची. म्हणाली, "अरे, ही तर मे महिन्यातली गोदावरी!"

बर्फात कोरलेली गुहा बघायला रोपवेने खाली जायचं. तो 1988 मध्ये बांधला तेव्हा उतरून 3 पायऱ्या गेलं की बर्फ. 2019 ला आम्ही 500हून जास्त लोखंडी पायऱ्या उतरलो, आणि त्या परत चढायच्या होत्या हे आईला आधी सांगितलं नव्हतं (चूक माझी). कड्यावर जागोजागी पाट्या आहेत: अमुक वर्षी हिमनदी इथपर्यंत होती. वर येताना आई 2010 च्या पाटीपाशी टेकली, मग 1990 च्या पाटीपाशी. वणीच्या गडाला साधारण एवढ्याच पायऱ्या, तिने त्या कितीदा तरी चढल्यात. "पण तिथे देवी जागेवर असते रे. इथे देवीच खाली चाललीय."

गुहा मात्र सुंदर. निळसर भिंती, पायाखाली रबरी चटया, थंडी बोचणारी. बर्फ सारखा पुढे सरकतो, म्हणून ती दर वर्षी नव्याने खोदतात. भिंतीला नाक लावून बघा, आत बारीक बुडबुडे दिसतात. ती जुनी हवा. क्लोद लोरियस या फ्रेंच संशोधकाला 1965 मध्ये अंटार्क्टिकात व्हिस्कीत टाकलेल्या जुन्या बर्फातून असेच बुडबुडे फुटताना दिसले आणि त्यातून पूर्वीची हवा वाचायची कल्पना सुचली. आईला किश्श्यातली फक्त व्हिस्की लक्षात राहिली.

पण गुहेतला बर्फ त्या कामाचा नाही. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी झिरपलं की थरांवरची नोंद पुसट होते. म्हणून 2016 मध्ये संशोधक माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सगळ्यांत उंच शिखराच्या खांद्यावर, 4,300 मीटरवरच्या कोल दु दोमला गेले आणि तळाच्या खडकापर्यंत भोक पाडून बर्फाचे लांब दंडगोल काढले. तिथेही ऊब पोहोचायला लागलीय, म्हणून हा बर्फ अंटार्क्टिकात जपायचं ठरलं. बर्फ ठेवायला फ्रीज म्हणून अख्खा खंड! आई म्हणाली, "लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवतात तसं."

2024 च्या फेब्रुवारीत नवा रोपवे सुरू झाला, हिमनदीच्या आणखी वरच्या अंगाला पोहोचवणारा. पायऱ्या आता फारच कमी, आईच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. सोय म्हणून पूर्ण गुण. पण खरं सांगू, त्या पाट्यांपाशी धापा टाकत बसल्यावर जे कळलं ते पाळण्यात बसून कळत नाही. इथला बर्फ वर्षाला 4-5 मीटर खाली जातोय, तेव्हा हाही पाळणा किती वर्षं पुरेल कोण जाणे.

माझ्याकडून पाचपैकी चार. आईने साडेतीन दिले, अर्धा चहासाठी कापला. जाड मोजे न्या, आणि निघण्याआधी रोपवे चालू आहे का ते बघा. देखभालीसाठी बंद असतो कधी कधी.